वर थोडी कोथिंबीर

भाजी घेऊन झाली, हिशेब झाला, सुटे पैसे हातात पडले की माझं एक वाक्य ठरलेलं असायचं. निघता निघता सहज आठवल्यासारखं. "मावशी, वर थोडी कोथिंबीर टाका हं." सोबत चार मिरच्या आणि कढीलिंबाची एखादी काडी आली तर दुधात साखर. हे वाक्य मी माझ्या आईकडून उचललं, तिनं तिच्या आईकडून. आमच्या घरातल्या बायका तीन पिढ्या भाजी विकत घेत आल्या आणि कोथिंबीर वसूल करत आल्या. वीस-बावीस वर्षं एकाच मावशींकडे भाजी घेतल्यावर तर ती मला माझ्या हक्काचीच वाटायला लागली होती.

तो हक्क एका जुलैत मोडला. आठ-दहा दिवस पावसानं झड लावली होती. कर्वेनगरातल्या आमच्या कोपऱ्यावर मावशी निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या. समोर कोथिंबिरीच्या सात-आठच जुड्या, त्याही ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवलेल्या. जुडी ६० रुपये. मी दोडकी घेतली, टोमॅटो घेतले आणि सवयीनं वाक्य टाकलं. मावशी वर न बघता म्हणाल्या, "आज नाय ताई. शेकड्याच्या भावानं आणलीय. आभाळातनं नाय पडली."

मार्केट यार्डात पालेभाजीचा भाव शेकड्यावर फुटतो, शंभर जुड्यांचा, हे मला ठाऊक होतं. मावशी पहाटे तिथं जातात, टेम्पोत चौघीजणी मिळून माल भरतात, हेही ठाऊक होतं. तरी राग आला. ६० रुपयांचा नाही आला, त्या आभाळाचा आला.

घरी आले ती तणतणतच. मसाल्याच्या डब्यातले मूठभर धने घेतले, टेरेसवर गेले, तुळशीशेजारच्या रिकाम्या कुंडीत फेकले आणि वर माती लोटली. "आता बघतेच," असं मी मोठ्यानं म्हणाले, असं सासूबाई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. आमच्या बागेची सुरुवात ही अशी आहे. निसर्गाच्या ओढीनं वगैरे काही झालेलं नाही.

टेरेस म्हणजे पुण्याच्या बिल्डरांच्या भाषेत 'अटॅच्ड टेरेस'. तिसऱ्या मजल्यावर हॉलला लागून चौदा बाय आठ फुटांची उघडी जागा. घर घेतलं तेव्हा तिथं संध्याकाळी वेताच्या खुर्च्या टाकून चहा प्यायचा असं आम्ही ठरवलं होतं. प्रत्यक्षात तिथं कपडे वाळत घालायचा स्टँड, मुलाची दहावीपर्यंतची सायकल, एक मिक्सरचं खोकं आणि तुळस राहायची. मी घरून लोकांची खाती लिहिते, रिटर्न्स भरते. चहा टेबलावरच होतो.

त्या पहिल्या धन्यांचं काय झालं? काही नाही. बारा दिवसांनी तीन कोंब आले. पंधराव्या दिवशी ते मातीलगत मऊ पडून आडवे झाले. याला 'मर' म्हणतात, आणि ओल्या मातीत वारा खेळला नाही की बुरशीनं ती लागते, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी त्यांना अजून पाणी घातलं.

मग नर्सरी. सोलापूर रस्त्यानं हडपसर ओलांडून उरुळी कांचनकडे गेलं की दोन्ही बाजूंना नर्सऱ्याच नर्सऱ्या लागतात. तिथून पोयट्याची चार पोती आणली, शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड आणि कोकोपीटची पाच किलोची वीट. वीट पाण्यात टाकली की फुगते हे ऐकून होते, पण किती ते माहीत नव्हतं. मी ती अंघोळीच्या बादलीत टाकली. तासाभरानं बादलीतून बाहेर आलेला तो तपकिरी डोंगर भरायला घरातली सगळी पातेली पुरली नाहीत. त्या दिवशी आमच्याकडे पिठलं खिचडीच्या कुकरमध्ये झालं.

नर्सरीवाल्यानं एक गोष्ट ठासून सांगितली होती. कुंडीच्या तळाला तीन इंच विटांचे तुकडे घाला, म्हणजे पाण्याचा निचरा होतो. ज्याला त्याला विचारावं तर तो हेच सांगतो. मी घातले. आठ इंचांच्या कुंडीत तीन इंच विटा गेल्यावर मातीला उरली पाच इंच, आणि त्यातली मेथी पिवळी पडली. उपटली तर मुळं काळी, वास कुबट.

याचं कारण मला भांडी घासताना सापडलं. तुम्हीही करून बघा. घासणीचा मोठा स्पंज पाण्यात भिजवा आणि आडवा, तळहातावर सपाट धरा. पाणी टपकून टपकून थांबेल. आता दाबू नका, फक्त तोच स्पंज उभा करा. परत टपकायला लागतो. पाणी तेवढंच, स्पंज तोच, फक्त उंची वाढली. मातीचंही असंच. बारीक मातीतून पाणी खालच्या भरड विटांमध्ये सहजी उतरत नाही, ते मातीच्या शेवटच्या दोन इंचांत अडून बसतं. विटा घातल्या की ती चिखलाची दोन इंचं नुसती वर सरकतात, बरोबर मुळांपाशी. म्हणजे निचऱ्यासाठी कुंडी उंच हवी आणि माती भुसभुशीत हवी. भोकावर खापराचा एक तुकडा पालथा ठेवला, माती वाहून गेली नाही, की झालं. मी सगळ्या कुंड्या उपसून विटा काढल्या. त्या वाया गेल्या नाहीत, पण ते पुढे येईल.

या सगळ्या काळात सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या. त्या वाईच्या. माहेरच्या घरामागं परसू होतं, मोरीचं पाणी जिथं जायचं तिथं अळू, त्याच्या कडेला कर्दळ, कुंपणाला वालाचा वेल. मला वाटलं होतं, त्यांच्या आठवणींचा मला उपयोग होईल. पण परसातल्या माणसाला कुंडीतलं काही सांगता येत नाही. "परसात कोथिंबीर कुणी पेरली नाही गं," त्या म्हणाल्या. "धने पाखडताना दोन-चार सांडायचे, उगवायचे. लक्ष कोण देतंय!" जमिनीतलं झाड आपलं पाणी आपण शोधतं. मूळ खाली जातं, नाही सापडलं तर बाजूला जातं. कुंडीतल्या मुळाला आठ इंचांवर भिंत लागते. मग पाणी कधी, किती, खत कधी, ऊन किती, सगळं आपल्याच माथी.

तरी एक गोष्ट सासूबाईंनीच शिकवली. मी तिसऱ्यांदा धने पेरायला घेतले तेव्हा त्यांनी वाटी माझ्या हातातून काढून घेतली. "अख्खे धने पेरतात का कुणी?" पोळपाटावर पसरले आणि लाटणं अगदी हलक्या हातानं फिरवलं, पापड लाटताना शेवटचा हात फिरवतात तसं. टपटप आवाज आला आणि प्रत्येक धना दोन वाट्यांत उकलला. आपण ज्याला धना म्हणतो ते एक फळ असतं आणि त्यात दोन बिया पाठीला पाठ लावून बसलेल्या असतात. आयुष्यभर मी धने भाजले, कुटले, धन्याचं पाणी करून प्यायले, पण ते उलगडून कधी बघितले नव्हते. उकललेले धने रात्रभर भिजवले, सकाळी फडक्यावर कोरडे केले, भाजीच्या जुन्या क्रेटमध्ये पोतं अंथरून त्यात माती भरली, ओळीनं पेरून अर्धा इंच माती पसरली आणि वर ओलं गोणपाट घातलं. मावशी घालतात तसंच.

नवव्या दिवशी गोणपाट उचललं. कोथिंबिरीचा कोंब कोथिंबिरीसारखा दिसत नाही. दोन लांबट, गवतासारखी पानं असतात, आणि एकेका कोंबाच्या डोक्यावर धन्याचं टरफल टोपीसारखं अडकलेलं असतं. काही कोंब अजून वाकलेले होते, मान मातीत आणि पाठ वर. दुपारी परत गेले तर त्यातल्या बऱ्याच जणांनी मान वर काढली होती. कातरलेलं खरं पान यायला अजून आठवडा लागतो. वास त्याच्याही नंतर. पण मी एक कोंब चिमटीत चुरडून बघितलाच. अगदी पुसट होता वास, हात धुतल्यावर राहतो तेवढा. मी सासूबाईंच्या नाकाशी बोटं नेली. त्या म्हणाल्या, "हं. आहे. आता चुरडू नकोस एकेक."

उन्हाचं गणित कळायला मात्र पूर्ण वर्ष गेलं. आमची टेरेस दक्षिणेला आहे. मला वाटायचं, मे महिन्यात ऊन सगळ्यात जास्त. पायाला चटके बसतात म्हणजे ऊन जास्तच की! म्हणून टोमॅटो मी मार्चमध्ये लावले, आणि जूनमध्ये ते सावलीत उभे राहून लांबुळके झाले. तेव्हा मी मुलाचा जुना खडू घेतला आणि दर महिन्याच्या १५ तारखेला दुपारी साडेबाराला सावलीच्या कडेवर रेघ मारायला लागले. पुणं साडेअठरा अक्षांशांवर आहे. डिसेंबरात सूर्य भर दुपारीसुद्धा दक्षिणेकडे इतका कललेला असतो की ऊन आख्खी टेरेस ओलांडून हॉलमध्ये सहा फूट आत, पार सोफ्यापर्यंत येतं. मग रोज थोडं थोडं मागं सरकतं. मेच्या मध्यावर, १३-१४ तारखेला, दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. कठड्यावर ठेवलेल्या तांब्याची सावली तांब्याखालीच गेली होती. मी सोसायटीतल्या दोन मुलांना बोलावून दाखवली, त्यांनी तांब्याचा फोटो काढला. त्या दिवसानंतर जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे आमच्या टेरेसच्या मागं, इमारतीच्या पलीकडे. कठड्याकडच्या पट्ट्यात तेवढं दुपारचं ऊन मिळतं. त्यात पावसाळी ढग.

तर आमच्या टेरेसचा उन्हाळा नोव्हेंबर ते फेब्रुवारी आहे. ज्यांची गॅलरी उत्तरेला आहे त्यांचं बरोबर उलटं. दोघांना एकच वेळापत्रक देणाऱ्या पुस्तकांवर आणि व्हिडिओंवर माझा तेव्हापासून विश्वास नाही. खडू घ्या आणि रेघा मारा. आमच्या फरशीवर त्या अजून आहेत. कामवाल्या ताई त्या सोडून फरशी पुसतात.

टोमॅटो ऑक्टोबरात लावल्यावर झाले. पुदिन्याचं काही सांगण्यासारखं नाही, बाजारच्या जुडीतल्या काड्या पाण्यात ठेवल्या, आठवड्यात मुळं आली, लावल्या, आता तो आवरत नाही. त्याला वेगळी कुंडी द्या, नाहीतर शेजाऱ्यांच्या घरात घुसतो. वांग्याला पिठ्या ढेकूण लागला, तो कापसाच्या बोळ्यानं पुसत बसण्यात एक आख्खा रविवार गेला. गवती चहा लावला तो विसरले, तीच त्याची मशागत. मिरचीची पानं आकसून वळली, बोकड्या रोग. ते झाड मी काढून टाकलं.

कढीलिंबावर एकदा पानांगणिक पक्ष्याची शीट पडलेली दिसली. पुसायला गेले तर ती हलली. कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या अळ्या. लहानपणी त्या हुबेहूब शीट दिसतात, म्हणजे पक्षी तोंड लावत नाहीत. मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्या होतात आणि बोट लावलं की डोक्यामागून लालसर दुभागलेलं शिंग बाहेर काढतात, त्याला सडक्या लिंबासारखा वास येतो. मी फवारा आणायला निघाले तर सासूबाईंनी अडवलं. "खाऊ दे गं. फोडणीला चार पानं लागतात तुला." अळ्यांनी चार पानंही ठेवली नाहीत. दोन आठवडे आमच्या आमटीला मावशींकडचा कढीलिंब होता, तोही 'वर' मागून आणलेला.

दुधीबद्दल मात्र नीट सांगायला हवं.

जानेवारीत मी साठ लिटरच्या निळ्या ड्रममध्ये दुधी लावला. एवढा मोठा ड्रम यासाठी की वेलाची तहान मोठी असते. मार्चमध्ये वेल कपड्यांच्या दोरीवरून पलीकडे गेला, कळ्या आल्या, फुलं आली, आणि इवलेसे दुधी धरून पिवळे पडून गळायला लागले. मी खत घातलं, गळतच राहिले. एका रात्री दहाच्या सुमारास वाळलेले कपडे काढायला गेले तर अंधारात वेलावर पांढरं काहीतरी. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात आणि सकाळपर्यंत मलूल होतात. मधमाश्या तर दिवसाउजेडीच्या. दुधीला लागतात रात्रीचे पतंग, आणि कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर, ट्यूबलाइटच्या उजेडात, ते कुठून यायचे?

म्हणून ते काम मी करायला लागले. रोज साडेसातच्या पुढे. नराचं फूल लांब दांड्यावर असतं. मादीच्या फुलाखाली बोटभर लव असलेला दुधी आधीपासूनच लटकत असतो, फुलाच्या आधी फळ दिसतं. नराचं फूल तोडायचं, पाकळ्या मागं दुमडायच्या, मधला परागांचा बोंडा मोकळा करायचा आणि मादीच्या फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवून फिरवायचा. सासूबाई खुर्चीत बसून विजेरी धरायच्या. त्यांचा हात थरथरतो, त्यामुळे उजेडही थरथरायचा, आणि मी "आई, जरा डावीकडे, आई, वर" करत असायचे. पहिल्या दिवशी मी नराला नरच लावत होते. "अगं, त्याच्या पोटाखाली काही नाही, तो कसला धरतोय!" त्या विजेरी बंद करून म्हणाल्या. पाकळ्या हाताला पावडर लावलेल्या मखमलीसारख्या लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फुलाचा पार चोळामोळा झालेला असतो, पण परागण झालं असेल तर खालच्या दुधीची मान वाकायला लागते. आभाळाकडे बघणारा तो जमिनीकडे बघायला लागला की समजायचं, धरला.

सात दुधी झाले. आमच्या घरात दुधी कुणालाही आवडत नाही. हे लावताना एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

आता विटांचं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला ओल आली. चूक माझीच होती. कुंड्या थेट फरशीवर ठेवलेल्या, त्यातून वाहून आलेलं कोकोपीट पाण्याच्या जाळीत जाऊन बसलेलं, आणि टेरेसवर दोन दिवस घोटाभर तळं. वजनाचाही मी विचार केला नव्हता. वीस लिटरची रंगाची बादली ओल्या मातीनं भरली की तीस किलोच्या पुढे जाते, आणि माझ्याकडे अशा नऊ. काका माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. लिफ्टमध्ये मात्र सुवाच्य अक्षरात पाटी लागली. 'तिसऱ्या मजल्यावरील शेतकऱ्यांनी पाणी बेताने सोडावे. दुसऱ्या मजल्यावर माणसे राहतात.' खाली सही नाही. वॉटरप्रूफिंग करून घेतलं, जड कुंड्या मधून काढून भिंतीच्या आणि कठड्याच्या कडेला नेल्या, आणि सगळ्या कुंड्यांखाली विटांचे ते तुकडे टेकू म्हणून लावले. पाणी खालून मोकळं वाहतं, फरशी वाळते. विटांची जागा कुंडीच्या आत नव्हती, खाली होती. काकांना तीन दुधी दिले. पाटी निघाली.

माझ्याकडे या सगळ्याची वही आहे, नसती तरच नवल. डाव्या पानावर खर्च, उजव्यावर उत्पन्न. उत्पन्न मावशींच्या त्या दिवशीच्या भावानं धरायचं, हा नियम. पहिल्या वर्षी खर्च ७,४३० रुपये, वॉटरप्रूफिंग सोडून. उत्पन्न १,१६५. दुसऱ्या वर्षी खर्च १,८९० आणि उत्पन्न १,७२०. नवरा म्हणाला, "वा, तोटा १७० वर आणलास." अशीलांना असले आकडे दाखवून धंदा बंद करायचा सल्ला मी अनेकदा दिलेला आहे.

एका रिकाम्या दुपारी मी एका क्रेटपुरता कोथिंबिरीचा वेगळा ताळेबंद मांडला. धने दहा रुपयांचे, खतमातीचा वाटा पंचवीस. पंचेचाळीस दिवसांनी निघाल्या अडीच जुड्या. म्हणजे जुडीला १४ रुपये. हे ठीक आहे. मग मजुरीचा रकाना आला. रोजची दहा मिनिटं धरली तर साडेसात तास. मी खाती लिहायला तासाला जे घेते ते इथं लावलं तर जुडी हजाराच्या वर गेली. ती रक्कम मी खोडली, कारण ती मूर्खपणाची दिसत होती. पण मग ठरवेना की योग्य रक्कम कुठली. माझ्या वेळेला तासाला चारशे आणि ज्यानं वाफ्यात वाकून कोथिंबीर उपटली, मुळं धुतली, जुड्या बांधल्या त्याच्या वेळेला किती, याचा रकाना माझ्या छापील वहीत नव्हता. याच कोथिंबिरीचा भाव कधी कधी इतका पडतो की शेतकरी उभ्या पिकात जनावरं सोडतात, कारण काढणीची आणि गाडीची मजुरीही निघत नाही. ती बातमी वाचून मी वर्षानुवर्षं पान उलटलंय. पुण्याच्या मंडईचं बांधकाम १८८०च्या दशकातलं. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, आणि आज त्या मंडईला नाव आहे ते त्यांचंच. घराण्याला 'फुले' हे आडनाव फुलांच्या व्यवसायावरून पडलेलं. माल पिकवणारा आणि माल विकायला ठेवायची देखणी जागा, यातल्या कशावर पैसा जातो हे त्यांना बरोबर दिसत असणार.

एवढं सगळं मनात घेऊन मी मावशींकडे गेले नाही. झालं इतकंच, की पुढच्या वेळी पिशवी भरली, सुटे हातात आले आणि ते वाक्य घशाशीच राहिलं. डोळ्यांसमोर टोपी घातलेले कोंब आले. मी एक जुडी वेगळी मागितली आणि तिचे पैसे दिले. नंतरही तसंच. माझी क्रेट हिरवी असेल तेव्हा घेत नसे, नसेल तेव्हा जुडी घेई, पण 'वर' काही मागत नसे.

तीन-चार महिने गेले असतील. एप्रिल होता. माझ्या कोथिंबिरीला उकाड्यानं तुरे आले होते, बारीक पांढरी फुलं, पानं शेवयांसारखी. मावशींनी वांगी तोलता तोलता तागडी थांबवली.

"ताई, रागावलाय का ओ?"

"नाही हो, का?"

"नाय, कोथमीर मागत नाय आता. दुसऱ्या बाईकडनं घेता काय?"

आता काय सांगणार? साडेसात तास, पोळपाट, धन्याच्या दोन वाट्या? मी म्हटलं, "घरी लावलीय थोडी." त्यांचा विश्वास बसला नसावा. शिवापूरच्या पलीकडे त्यांचं गाव, दीराच्या वाट्याला अजून शेत आहे. त्यांनी विचारलं, कशात लावली. क्रेटमध्ये, म्हटलं. उन्हाळ्यात किती तग धरते? नाही धरत, तुरे आले, म्हटलं. "यायचेच," त्या म्हणाल्या, "वर जुन्या साडीची सावली करा," आणि एक भरघोस मूठ कोथिंबीर माझ्या पिशवीत कोंबली. मी पैसे काढायला लागले तर हातच धरला. "घ्या ओ. वर हाय." त्या दिवशी ती कोथिंबीर मी मागितलेली नव्हती, त्यामुळे परत कशी करायची हेही मला कळेना. वहीत कुठल्या पानावर लिहायची तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गवती चहा कापला. कुंडी इतकी माजली होती की तुळशीला ऊन मिळत नव्हतं. पाती धारदार असतात, मनगटावर दोन ओरखडे आले. रबर लावून चार जुड्या केल्या आणि मावशींना नेऊन दिल्या. "सकाळी टेम्पोवाल्यांबरोबर चहा घेता ना, त्यात टाका." त्यांनी वास घेतला, "झकास," म्हणाल्या आणि पाटीमागं ठेवल्या.

संध्याकाळी दूध आणायला त्याच कोपऱ्यावरून गेले. लिंबं आणि आल्याच्या मधोमध, ओल्या फडक्यावर, माझा गवती चहा मांडलेला. रबर काढून सुतळी बांधलेली, आणि चारच्या सहा जुड्या केलेल्या. खांद्याला लॅपटॉपची बॅग लावलेला एक मुलगा विचारत होता, कितीला.

"धा रुपये. घरचा हाय, फवारा नाय मारलेला."

त्यानं दोन घेतल्या. मग मावशींना मी दिसले. त्या जराही गडबडल्या नाहीत.

"चांगला हाय तुमचा माल, ताई. उद्या अजून आना."